तळण बंद झालं ते वर्ष

आई स्वयंपाकाला लागली की आमच्या गल्लीला कळायचं. हैदराबादला चिक्कडपल्लीत एका माडीवर आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांच्या मागे चिंचोळं स्वयंपाकघर. त्याला एकच खिडकी, ती शेजारच्या सरोजम्मांच्या मागच्या अंगणावर उघडायची. आईच्या भाकरीची थाप त्या खिडकीतून बाहेर जायची आणि सरोजम्मांच्या दोशाचं पीठ वाटायच्या दगडाची घरघर आत यायची. सकाळी अंथरुणातून, डोळे न उघडता, मला सांगता यायचं की आज काय आहे. एकसारखी मोकळी थाप म्हणजे ज्वारीची भाकरी. थाप मधेमधे थांबत असली तर धपाटे, कारण आई हात ओला करायला थांबायची. आणि थाप मुळीच नसली, नुसता मोहरीचा तडतडाट ऐकू आला, तर मुरमुऱ्यांचा सुशीला. म्हणजे आज आईला बाहेर कुठे तरी जायचं आहे. दुपारी अंबाडीची भाजी. सरोजम्मा तिला गोंगुरा म्हणायच्या आणि तिच्यात ओल्या लाल मिरच्या घालायच्या. आई लसणाची फोडणी द्यायची. कुणाची खरी यावर दोघींचं जन्मभर जमलं नाही, पण वाट्या मात्र खिडकीतून इकडून तिकडे रोज जायच्या.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका सरकारी कचेरीत कारकून होते. उदगीरकडच्या शेतकरी घरातला माणूस, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं आणि खाण्यावर जीव. जिना चढतानाच ते ओरडून विचारायचे, "काय केलंय गं आज?" आणि आई कधीही उत्तर द्यायची नाही. वास आला असेल की, आम्हाला म्हणायची, कशाला विचारतात. मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला, आणि धाकटी मंगल अजून फ्रॉकमध्ये. एवढंच आमचं घर.

आई अबोल होती. पण स्वयंपाकघरात तिचा एकेक नियम होता आणि तो ती दहा वेळा सांगायला कंटाळायची नाही. पदर खोचल्याशिवाय विस्तवापुढे उभं राहायचं नाही, आणि नायलॉनची साडी नेसून तर नाहीच. कढईचा कान ओट्याच्या बाहेर येऊ द्यायचा नाही. ओला झारा तेलात घालायचा नाही. मिरची अख्खी सोडायची नाही, आधी चीर द्यायची, नाही तर फुटून डोळ्यात उडते. कुकरची शिट्टी अडकली तर आधी गॅस बंद, मग वाफ जाऊ द्यायची, मग झाकणाला हात. आणि तळण असलं की कढईशेजारी एक मोठं पितळी ताट पालथं ठेवलेलं असायचंच. मी एकदा विचारलं, हे कशाला. ती म्हणाली, "तेल पेटलं तर झाकायला. तेलाच्या आगीला पाणी चालत नाही. तिला कोंडायचं असतं." तिच्या माहेरी एका लग्नात आचाऱ्याची कढई पेटलेली तिने लहानपणी पाहिली होती.

हे नियम मी इथे लिहिते आहे ते कुणी शिकावेत म्हणून नव्हे. आता ते कुणाला शिकवायची गरजही नाही. इथे कुकटपल्लीत आमच्या फ्लॅटमध्ये माझी सून तेल न घालता भजी करायचं यंत्र वापरते. ती पुण्याची, आयटीतली. स्वयंपाकघराच्या छतावर तिने धूर ओळखून बोंबलणारी एक पांढरी डबी बसवून घेतली आहे. परवा नातीने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यातली छानशी मुलगी हसत हसत सांगत होती की तेलाने पेट घेतला तर पाणी टाकू नका. नात म्हणाली, "आजी, इतकं ऑब्वियस आहे ना? हे कुणाला माहीत नसतं?" मी मान हलवली. तिला मराठी नीट वाचता येत नाही, त्यामुळे हे ती कधी वाचेल असं नाही. आमच्या घरात ज्या बाईला हे पक्कं ठाऊक होतं, जिने ताटसुद्धा काढून ठेवलं होतं, तिच्याच हातांचं ते व्हावं, याचा उलगडा मला या वयातही होत नाही. होईल अशी आशाही मी आता सोडली आहे.

तो रविवार होता. घरी गॅस येऊन फार दिवस झाले नव्हते. त्याआधी आई पंपाच्या स्टोव्हवर सगळं करायची. पिन मारून मारून तिच्या बोटांना रॉकेलचा वास बसला होता. गॅस आल्यावर अण्णांनी गवंडी बोलावून कडाप्पाचा ओटा बांधून घेतला, आणि आई पहिल्यांदा उभ्याने स्वयंपाक करायला लागली. तिला ते फार आवडायचं. ओटा ती दिवसातून किती वेळा पुसायची, मोजदाद नाही. त्या दुपारी अण्णांना मिरचीची भजी हवी होती, हैदराबादी, आत चिंच-तिळाचं सारण भरलेली. आईने पोपटी जाड मिरच्यांना चिरा देऊन सारण भरून ठेवलं, बेसन भिजवलं, कढईत तेल ओतलं, गॅस बारीक केला आणि ताट शेजारी ठेवलं. तेवढ्यात खालून कुणी तरी ओरडलं, "नल्ला आ गया!"

नळाला आमच्याकडे वेळकाळ नसायचा. आला की सगळी माडी बादल्या घेऊन खाली धावायची. आई पेटता गॅस सोडून कधी हलायची नाही. पण त्या दिवशी घरात पाण्याचा थेंब नव्हता आणि अण्णा बाहेरच्या खोलीत रेडिओवर क्रिकेट ऐकत बसले होते. "अहो, तेल ठेवलंय. बघा जरा, मी आलेच," ती म्हणाली. "जा तू, बघतो," अण्णा म्हणाले. मी, मंगल आणि आई खाली गेलो. नळावर रांग होती, नेहमीसारखी. वर काय झालं ते अण्णांनीच पुढे डॉक्टरांना सांगितलं, मान खाली घालून, कुणी न विचारता. ते उठून आत गेले, तेल तापलेलं दिसेना, म्हणून त्यांनी गॅस मोठा केला. बायको वर येईल तेव्हा तेल तयार असावं, तिचं काम हलकं व्हावं, एवढंच मनात. आणि मग रेडिओवर काही तरी घडलं, आणि ते परत बाहेर येऊन बसले.

आई भरलेली बादली घेऊन पुढे, आम्ही मागे. जिन्यातच करपट वास आला. आईने चपला न काढता खोली ओलांडली. मी दारातून पाहिलं ते असं: कढईतून ज्वाळा वर उठलेल्या, पार वरच्या फळीपर्यंत, आणि अण्णा हातात काहीच नसताना तिच्यासमोर नाचल्यासारखे इकडेतिकडे होत आहेत. आईने बादली दाराशी ठेवली. ती ओरडली नाही. तिने पदर खोचला, हो, त्या क्षणीसुद्धा पदर खोचला, गॅसचं बटण फिरवलं, दोन्ही हातांनी ताट उचललं आणि कढईवर वाकली. "पाणी नको," ती म्हणाली. नेहमीच्याच आवाजात म्हणाली. अण्णांच्या कानात आगीचा आवाज असणार, नाही तर रेडिओचा. त्यांनी बादली उचलली आणि सगळी ओतली.

तो आवाज मला सांगता येणार नाही. एखादं मोठं जनावर खेकसावं तसा काही तरी. पेटलेलं तेल कढईतून उसळलं आणि आई त्याच्या आत होती. ताट हातातून पडलं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. अण्णांनी बाजेवरची चादर ओढून तिला गुंडाळलं, तिला घेऊन खाली बसले, आणि "इंदू, इंदू" म्हणत राहिले. मी त्यांच्या तोंडून आईचं नाव त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

गल्ली गोळा झाली. सरोजम्मा धावत आल्या त्या पिठाचं पातेलंच घेऊन. भाजल्यावर दोशाचं आंबलेलं पीठ लावतात असं त्यांच्या घरी चालत आलेलं. त्यांनी रडत रडत, "अय्यो वदिना, अय्यो वदिना," म्हणजे वहिनी गं वहिनी, म्हणत आईच्या दोन्ही हातांना, मानेला, हनुवटीखाली ते गार पीठ थापलं. कुणी तरी शाईची बाटली आणली, तीही ओतली. कुणी हळद म्हणालं. आईने डोळे मिटून घेतले होते आणि ती दात वाजवत होती, थंडी भरल्यासारखे. रिक्षातून दवाखान्यात नेलं तेव्हा तिच्या हातांवर निळं-पांढरं पीठ वाळून पापडासारखं तडकायला लागलं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी ते बघितलं आणि डोक्याला हात लावला. "हे कोणी लावलं? साधं पाणी ओतायचं होतं हो हातांवर. गार पाणी, बराच वेळ. बाकी काही नको." अण्णा शेजारी उभे होते. पाणी या शब्दावर त्यांनी एकदा डॉक्टरांकडे बघितलं, आणि भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. जिथे नको होतं तिथे त्यांनी बादलीभर पाणी ओतलं होतं, आणि जिथे हवं होतं तिथे आमच्यापैकी कुणाच्याही हातून थेंब पडला नव्हता. मग नर्सबाईंनी ते पीठ एकेक खपली करून सोडवलं. आम्ही बाहेर होतो. आम्हाला ऐकू येत होतं.

भाजलेल्यांच्या त्या वॉर्डात सगळ्या बायकाच होत्या. बहुतेक तरुण, बहुतेक स्टोव्हवाल्या. वॉर्डाच्या दाराशी एक पोलीसवाला खुर्ची टाकून बसलेला असायचा, आणि बाई बोलण्याइतकी शुद्धीवर आली की तो आत येऊन तिला एकच गोष्ट विचारायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आईच्या खाटेशी आला. मी आईच्या उशाशी होते. त्याने अण्णांना पडद्याबाहेर उभं केलं. पडदा पातळ होता, अण्णांचे पाय त्याच्याखाली दिसत होते.

"अम्मा, डरना नक्को," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, आवाज मऊ होता. "सच बोलो. मरद ने जलाया क्या?"

आईचे ओठ सुजलेले होते. ती म्हणाली, "तेल कू आग लगी थी. उनो पानी डाले."

"उनोच डाले?"

"हौ."

"जान-बूझ को डाले क्या?"

आई गप्प झाली. मला वाटलं ती थकली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचे डोळे उघडे होते आणि छतावरच्या पंख्याकडे लागले होते. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती, ती थांबली, तीही ऐकायला लागली. पोलीसवाल्याने पेन उचलून धरलं होतं. पडद्याखाली अण्णांचे पाय हलत नव्हते. आई बोलेना. त्याने पुन्हा विचारलं नाही, नुसता थांबला. त्याला अशा गप्प बसण्याची सवय असणार. खूप वेळाने आई म्हणाली, "नै."

"पक्का?"

"नै बोली ना."

तो गेला. अण्णा आत आले नाहीत. थोड्या वेळाने मी पडदा सारून बघितलं तर ते तिथे नव्हते. ते खाली आवारात एका झाडापाशी उभे होते आणि मंगल त्यांचा हात धरून त्यांना काही तरी विचारत होती.

आई घरी आली तेव्हा मधे बरेच आठवडे गेले होते. गळ्यावर आणि हनुवटीखाली गुलाबी, चकचकीत कातडी. डावा हात बरा झाला होता, निदान धरायला येत होता. उजव्याची बोटं तळव्याकडे वळलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज कुणी तरी ती बोटं सरळ ओढायची, तिला दुखलं तरी ओढायची, नाही तर हात तसाच राहील. अण्णा तेलाची वाटी घेऊन बसले. आईने हात पदराखाली घेतला. "कुंदा करेल," ती म्हणाली. मग मी करायला लागले. आई ओठ चावायची, पाय ताठ करायची, आणि मग असा आवाज काढायची की मंगल उठून जिन्यात जाऊन बसायची. काही दिवस असं चाललं. मग एका दुपारी आई म्हणाली, "राहू दे आता." मी म्हटलं, डॉक्टर म्हणालेत. ती म्हणाली, "डॉक्टरला भाकरी थापायची नाहीये. मलाही नाहीये." त्यानंतर तिने हात माझ्याही हाती दिला नाही. बोटं जशी वळली तशी राहिली, मूठ अर्धी मिटल्यासारखी, जन्मभर.

घरी आली त्याच दिवशी अण्णांनी ताट वाढून घेतलं, सरोजम्मांनी पाठवलेला भात आणि पप्पू, म्हणजे त्यांच्याकडचं घट्ट वरण. त्यांनी भात कालवला, अगदी मऊ, आणि घास करून आईच्या तोंडाशी नेला. आईने तोंड फिरवलं. रागाने नाही, डोळ्यांवर ऊन आलं की फिरवावं तसं. "कुंदा, तू दे," ती म्हणाली. अण्णांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी घास परत ताटात ठेवला, ताट माझ्याकडे सरकवलं आणि हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत घास केला. तिसऱ्या दिवशीही. ते असं किती दिवस करत राहिले ते मला आठवत नाही, आणि केव्हा थांबले तेही कळलं नाही. पुढे आई डाव्या हातात चमचा धरून खायला शिकली, अर्धं सांडायची, पण त्यांचा घास घेतला नाही.

शाळा सुटली ती सुटलीच. परीक्षेला मी बसले नाही. मला स्वयंपाक येत नव्हता, वरवरचं येत होतं, आणि आता दोन वेळा चार माणसांचं करायचं होतं. आई स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हती. ती उंबऱ्याच्या अलीकडे भिंतीला टेकून बसायची, तिथून तिला ओटा दिसायचा, आणि तिथून ती सांगायची. पीठ गरम पाण्यात मळ, हाताला चटका बसला पाहिजे. गोळा तळहाताने रगड. कडा फुटताहेत, पाणी कमी पडलंय. आता थाप. बोटांनी नाही गं, तळव्याने. मी थापायला लागले की तिचा डावा हात मांडीवर आपोआप हलायला लागायचा. मग तिच्या लक्षात यायचं, आणि ती बोलायची थांबायची. माझी भाकरी तव्यावर करपायची, आणि मागे भिंतीशी काही आवाज नसायचा. मी वळून बघत नसे.

एकदा मी तिला न विचारता वरणाला फोडणी दिली. मंगल फोडणीच्या वरणासाठी रडत होती म्हणून. मोहरी तडतडली, लसूण टाकला, आणि वरण ओतल्यावर तो नेहमीचा चर्र आवाज झाला, घराघरात दिवसातून दोनदा होतो तो. आई किंचाळली. ती किंचाळत भिंतीला पाठ घासत मागे मागे सरकत गेली, बाहेरच्या खोलीत, तिथून जिन्याच्या दारापर्यंत. अण्णा कचेरीतून नुकतेच येत होते. ते जिन्यात होते, आई वर दारात, आणि ती त्यांना बघून आणखी मोठ्याने ओरडायला लागली. अण्णा एकेक पायरी मागे उतरत गेले. खालच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. सरोजम्मा येऊन आईला आत घेऊन गेल्या, तेव्हाच ते वर आले.

त्या दिवसापासून घरात फोडणी बंद झाली. तळण तर आधीच बंद झालं होतं. भाज्या शिजवायच्या आणि वरून कच्चं तेल, तिखट, मीठ. वरण बिनफोडणीचं. घरातले आवाज गेले. कुकरची शिट्टी तेवढी उरली, तीही मी दार लावून घेऊन होऊ द्यायची. अण्णांनी रेडिओ कुणाला तरी देऊन टाकला. जिना चढताना ते आता काही विचारत नसत. पानात जे असेल ते खायचे, खाली बघून, आणि उठायचे. एक दिवस ते मोजा काढत असताना मला दिसलं की त्यांच्या उजव्या पायावर, पंजाच्या वर, मोठी काळी जखम आहे आणि तिला पू झाला आहे. ते तेल त्यांच्याही पायावर पडलं होतं. इतके आठवडे ते त्याच पायाने बसला लटकून कचेरीत जात होते, दवाखान्यात उभे राहत होते, आणि कुणालाच कळलं नव्हतं. "अण्णा, सांगितलं का नाही?" मी विचारलं. ते म्हणाले, "काय सांगायचं." मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मलम आहे फळीवर." एवढंच.

ते वर्ष मी कशी जगले ते मला आज सांगता येत नाही. मला एवढंच आठवतं की संध्याकाळ झाली की आता दिवे लावावे लागतील, मग पानं घ्यावी लागतील, मग चौघांनी एकमेकांसमोर बसावं लागेल, या विचाराने मी अंधारातच भांडी घासत राहायची. कुणी कुणाला मारत नव्हतं, शिव्या देत नव्हतं. गल्लीत सगळे अण्णांना चांगलं म्हणायचे, आईलाही. तरी आमच्या घरात राहणं म्हणजे पाण्याखाली श्वास धरून राहण्यासारखं झालं होतं.

पुढे माझं लग्न झालं. सासर सुलतान बाजारात, खाली कपड्याचं दुकान, वर घर. माझ्यामागे मंगलने स्वयंपाकघर सांभाळलं, आणि पुढे तीही सासरी गेली. मग घरात ती दोघंच राहिली. माझ्या पहिल्या बाळंतपणात आई माझ्याजवळ येऊन राहिली होती. तिला बाळाला नीट घेता येत नसे; कोपराच्या खोबणीत धरायची. अशीच एका दुपारी बाळाला घेऊन बसली असताना मी तिला विचारलं, त्या पोलीसवाल्याला उत्तर द्यायला तू इतका वेळ का लावलास. मला वाटलं होतं ती म्हणेल, आठवत नाही.

"मला हो म्हणावंसं वाटलं होतं," आई म्हणाली.

मी वाळलेले लंगोट पुढे ओढून घड्या घालायला लागले.

"त्यांनी मुद्दाम केलं नाही हे मला माहीत होतं. तेव्हाही. पण हातांचं काय झालंय ते मला दिसत होतं ना. ते कुणाच्या तरी माथी मारायचं होतं मला." तिने बाळाच्या अंगावरचं दुपटं कोपराने सारखं केलं. "आणि त्यांनी ते ऐकलं. मी नाही म्हणाले ते नाही ऐकलं त्यांनी. त्याआधीचं ऐकलं."

"मग सांग की त्यांना."

"काय सांगू? खोटं थोडंच होतं ते."

निवृत्त झाल्यावर अण्णा स्वयंपाक शिकले. त्या वयात, त्या जाड बोटांनी, कुणी न शिकवता. मी जायची तेव्हा माझ्यासमोर आई त्यांच्याशी बोलायची ती माझ्यामार्फत. विचार त्यांना, डाळ भिजत घातली का. सांग त्यांना, मीठ जास्त झालंय. मला कितीदा वाटायचं, मी नसताना ही दोघं काय करत असतील. एकदा मी न कळवता गेले. दार लोटलेलं होतं. मी बाहेरच थांबले. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि आत भांड्यांचा आवाज येत होता.

"गॅस बंद केला असेल," आई भिंतीला म्हणाली.

"केला," आतून अण्णा म्हणाले.

आत पातेली फळीवर लागल्याचा आवाज झाला. मग आई परत भिंतीला म्हणाली, "रेग्युलेटर राहिला असेल."

"तोही केला."

मी दारावर टकटक न करता खाली उतरले, बाजारात उगीच एक फेरी मारली, आणि मग चपलांचा आवाज करत वर गेले.

अण्णा गेले ते झोपेतच गेले, पहाटे कधी तरी. सगळं झाल्यावर, माणसं पांगल्यावर, मंगल तिच्या घरी गेली आणि मी आईजवळ राहिले. तिला माझ्याकडे आणायचं ठरलं होतं, सामान बांधायचं होतं. दुपारी मी तिच्यासाठी मऊ भात टाकला, तो झाला, उतरवला. आई पलंगावर तशीच बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

"गॅस बंद केला असेल," ती म्हणाली.

मी ओट्यापाशीच होते. "केला गं," मी म्हटलं.

आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मी तुला नाही विचारलं," ती म्हणाली, आणि परत भिंतीकडे तोंड करून वाट बघत राहिली.